ताईंनी न विकलेलं

माझ्या चेहऱ्यावर कुणाकुणाचं देणं आहे, असं कुणी विचारलं तर मी आधी सालवडच्या ताईंचं नाव घेईन. नाव म्हणजे ‘ताई’ एवढंच. पूर्ण नाव छापलेलं त्यांना चालायचं नाही. त्यांचं पार्लर म्हणजे घराची पुढची खोली. वर-खाली होणारी एक खुर्ची, एक अरुंद पलंग, मध्ये फुलाफुलांचा पडदा आणि भिंतीवर स्केचपेनाने भाव लिहिलेला पुठ्ठा. आयब्रो, अप्परलिप, वॅक्स, ब्लीच, फेशियल. फेशियलमध्ये पुन्हा फ्रूट, पर्ल, गोल्ड अशा चढत्या पायऱ्या. त्यातल्या वरच्या पायऱ्या ताईंनी मला कधी चढू दिल्या नाहीत. पर्समध्ये पैसे घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला ‘हे तुम्हाला नको’ म्हणणारी दुकानदारीण मी दुसरी पाहिलेली नाही.

मी खानदेशातली. लग्न होऊन इथे आले तेव्हा हा ठाणे जिल्हा होता. पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. सालवड बोईसरच्या कडेला, तारापूर एमआयडीसीला खेटून. मूळच्या वाडवळ, भंडारी, मांगेला, आदिवासी घरांमध्ये आमच्यासारखी कारखान्यांमागून आलेली घरं मिसळत गेली. ताई चिंचणीकडच्या. मी एका औषध कारखान्याच्या क्यूसी लॅबमध्ये होते. आलेला कच्चा माल तपासायचा, वजनं घ्यायची, रिपोर्टवर सही करायची. रिटायर होईपर्यंत हेच केलं.

पन्नाशीच्या अलीकडेच पाळी गेली आणि चेहरा वर्षा-दोन वर्षांत बदलला. गाल ओढल्यासारखे कोरडे, तोंडाच्या दोन्ही बाजूंना रेघा, उजव्या गालावर वांग. हे कशामुळे ते मला पुस्तकातून ठाऊक होतं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं कोलॅजन सुमारे ३० टक्क्यांनी घटतं आणि पुढेही दरवर्षी थोडंथोडं घटत राहतं, असं १९८० च्या दशकापासूनचे अभ्यास सांगतात. पण ठाऊक असून आरशाचं समाधान होत नाही. मुंबईची भाची म्हणाली, “मावशी, सरळ बोटॉक्स घे. जेवणाच्या सुट्टीत होतं.” दोन भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत बोटॉक्सला २००२ मध्ये मंजुरी मिळाली, आणि शिकलेल्या डॉक्टरच्या हातून घेतलं तर आठ्या खरोखरच सैल पडतात. माझं त्याच्याशी वाकडं नाही. पण आमच्या घरी रोज दोन वेळा मिस्टरांना इन्सुलिन टोचायचं काम माझ्याकडे होतं. फ्रीजच्या दारात अंड्यांशेजारी इन्सुलिनच्या बाटल्या. सुईची हौस फिटलेली होती. भाचीला म्हटलं, टोचण्यावाचून काही असेल तर सांग. तिला माहीत नव्हतं.

दिराच्या मुलाचं लग्न ठरलं म्हणून मी ताईंकडे गोल्ड फेशियल करायला गेले. त्यांनी पलंगावर झोपवलं नाही. ट्यूबलाइट बंद केली, मला उंबऱ्यात उजेडात उभं केलं, हनुवटी धरून चेहरा आधी इकडे, मग तिकडे वळवला. गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. कानामागची कातडी बोटाने ताणून पाहिली, मग गालाची.

“वहिनी, कामावर तुमच्या उजव्या हाताला खिडकी असते का?”

होती. लॅबमध्ये माझं टेबल पश्चिमेच्या मोठ्या काचेला लागून होतं. बॅलन्सवर वारा लागला की आकडे नाचतात, म्हणून ती खिडकी कायम बंद. दुपारभर उजव्या गालावर काचेतून ऊन यायचं, पण काच बंद असल्यामुळे त्याला ऊन म्हणावं असं आम्हा कुणाच्या मनात आलं नव्हतं. ज्या किरणांनी कातडी भाजते ती यूव्हीबी काच बरीचशी अडवते. सुरकुत्या आणि डाग आणणारी यूव्हीए तिच्यातून आरपार येते. पुढे २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने एका ६९ वर्षांच्या अमेरिकन ट्रकचालकाचा फोटो छापला. २८ वर्षं ट्रक चालवून खिडकीकडचा त्याचा डावा गाल इतका सुरकुतलेला होता की, एकाच माणसाच्या चेहऱ्याचे दोन भाग दोन वयांचे वाटत होते. मी तो फोटो मोबाइलवर ताईंना दाखवला. त्यांना नवल वाटलं नाही. “स्कुटीवाल्या पोरी बघा ना,” म्हणाल्या, “स्कार्फ संपतो तिथून म्हातारपण सुरू होतं.”

त्या दिवशी गोल्ड फेशियल झालं नाही. “त्यात सोनं नाही नि तुमचं काम पण नाही,” म्हणत त्यांनी साधं क्लीनअप केलं, त्याचेच पैसे घेतले आणि तीन गोष्टी सांगितल्या. तोंडाचा साबण बंद. ऊन असो-नसो, सकाळी सनस्क्रीन. आणि वांगासाठी पालघरला स्किनच्या डॉक्टरीणबाई बसतात, त्यांना दाखवा. मेडिकलमधून परस्पर ट्यूब आणायची नाही.

साबणाचं तर मला आधी कळायला हवं होतं, माझी सगळी नोकरी पीएच मोजण्यात गेली. वडीचा साबण नऊ-दहा पीएचचा, निरोगी कातडी पाचेकच्या आसपास. तरुणपणी कातडी ते सोसून पुन्हा जागेवर येते. पाळीनंतर तेलच कमी झालेलं असतं. तरी हे मला सांगितलं दहावीनंतर दादरला पार्लरचा कोर्स केलेल्या बाईने.

आमचा व्यवहार मात्र एकतर्फी राहिला नाही. इंग्रजी बारीक अक्षर वाचायचा ताईंना कंटाळा, आणि नजरही साथ देईना. त्यामुळे नव्या मालाच्या बाटल्या पिशवीत घालून त्या रविवारी आमच्याकडे यायच्या. मी भिंग घेऊन यादी वाचायची. यात ग्लिसरीन दुसऱ्या नंबरला आहे, ठेवा. यात पहिल्या पाचात सुगंध आहे, परत करा. या सीरमवर केशराचं चित्र आहे आणि केशर यादीच्या शेपटाला. चहा व्हायचा. मिस्टर पेपराआडून म्हणायचे, “सालवडचं ड्रग कंट्रोल ऑफिस उघडलं का?”

ट्यूबबद्दल ताई इतक्या कडक का होत्या, ते हळूहळू उलगडलं. आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी कुणाच्या तरी सांगण्यावरून गोरं करणारी ट्यूब लावायला घेतली. पहिल्या महिन्यात चेहरा काचेसारखा. सगळ्यांनी विचारलं, काय लावता? वर्षभरात गाल लाल, शिरा दिसायला लागलेल्या, हनुवटीवर पुटकुळ्या आणि लव. ट्यूब बंद केली की आग व्हायची, म्हणून पुन्हा लावायची. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड एकत्र होतं. या तीन औषधांचं मिश्रण वांगावर चालतं हे १९७५ पासून ठाऊक आहे, पण ते काही आठवड्यांसाठी, डॉक्टरच्या नजरेखाली. आपल्याकडे ते क्रीम म्हणून वर्षानुवर्षं लावलं गेलं. असे चेहरे इतके आले की भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या आजाराला वेगळं नावच दिलं: स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा. त्यांच्या संघटनेने पाठपुरावा केल्यावर मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. ताईंनी तो माल त्याआधीही कधी ठेवला नव्हता. तो ठेवा म्हणून एजंट यायचे, कमिशन चांगलं द्यायचे. ताई त्यांना पाणी द्यायच्या आणि वाटेला लावायच्या.

२०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली. बायोटेक्नॉलॉजी शिकणारी एक मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या किडन्यांना इजा झाली. कारण शोधता शोधता मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर एका क्रीमपाशी पोचले. ओळखीच्या पार्लरमधून आणलेल्या त्या क्रीममध्ये पारा सापडला. पारा कातडीतला रंग तयार होणं रोखतो, म्हणून डाग उजळतात. त्याच वेळी तो रक्तात उतरून किडनी गाठतो. कॉस्मेटिकमध्ये चुकून आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एकापेक्षा जास्त असायला नको. त्या क्रीममध्ये तो त्याच्या कित्येक पट होता. बातमीत ‘पार्लर’ हा शब्द असल्यामुळे ताईंचा चेहरा उतरला होता. त्याच दुपारी त्यांनी कपाटातली प्रत्येक बाटली खाली काढली. ज्यावर बनवणाऱ्याचा पत्ता, बॅच नंबर आणि परवाना नाही अशा चार-दोन भेटीदाखल आलेल्या डब्या निघाल्या. फेकायच्या कुठे, यावर आमचा वाद झाला. त्या म्हणाल्या घंटागाडीत. मी म्हटलं, पारा असला तर तो घंटागाडीतून कुठे जाईल?

पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी मला ट्रेटिनॉइन लिहून दिलं, ०.०२५ टक्के. चण्याएवढं मलम, सगळ्या चेहऱ्याला मिळून, आठवड्यातून दोनच रात्री, आधी मॉइश्चरायझर लावून मग त्यावर. पहिल्या महिन्यात नाकाच्या कडा आणि हनुवटी सोलपटली. त्या दिवसांत मी अप्परलिपला गेले तर ताईंनी वॅक्सचा डबा उघडलाच नाही. “त्या मलमावर वॅक्स लावलं तर केसाबरोबर कातडी सुटून येईल. दोऱ्याने पण नको. राहू दे मिशी.” धंदा हातचा गेला तरी चालेल. सहा महिन्यांनी गालाचा पोत बदललेला मला बोटांना कळला, आरशात त्यानंतर. सुरकुत्या गेल्या नाहीत, उथळ झाल्या. वांग फिकं झालं आणि उन्हाळ्यात परत डोकावतं.

हे मलम कुणी शोधलं म्हणून वाचायला घेतलं, आणि ऋणाचा हिशेब सालवडच्या बराच बाहेर गेला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६९ मध्ये ते मुरुमांवर चालतं हे दाखवलं. वय झालेल्या काही बायका म्हणाल्या की कातडीही मऊ झाली, त्यावरून पुढे अभ्यास झाले, १९८६ मध्ये उन्हाने जून झालेल्या चेहऱ्यांवरचा निबंध आला आणि १९९५ मध्ये अमेरिकेने त्या कामासाठी मंजुरी दिली. टोचल्यावाचून चेहऱ्यावर ज्याचा परिणाम पक्का सिद्ध झालेला आहे, अशा औषधांत हे पहिलं. पण फिलाडेल्फियातल्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ पर्यंत याच क्लिगमन यांनी कैद्यांच्या पाठींवर, हातांवर कसकसली रसायनं लावून पाहिली, त्यात या मलमाच्याही चाचण्या होत्या. कैद्यांतले बहुतेक कृष्णवर्णीय. हातावर थोडे डॉलर टेकवले, नेमकं काय लावतोय ते सांगितलं नाही. अॅलन हॉर्नब्लम यांनी १९९८ मध्ये ‘एकर्स ऑफ स्किन’ हे पुस्तक लिहून ते बाहेर काढलं. विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने माफी मागितली २०२१ मध्ये, शहराने २०२२ मध्ये. तोवर त्यातले किती जण गेले असतील. मी त्या कैद्यांना काय देऊ शकते? काही नाही. पण रात्री ट्यूबचं झाकण काढते तेव्हा हे ठाऊक असलेलं बरं. ताईंना हे सांगितलं तर बराच वेळ त्या दोरा बोटांत धरून गप्प होत्या, मग म्हणाल्या, “आणि आपल्याला वाटतं, साठ रुपयांत आली.”

सनस्क्रीनचं देणं त्या मानाने निर्मळ. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधलं नॅम्बोर नावाचं गाव. तिथल्या ५५ च्या आतल्या ९०३ लोकांनी साडेचार वर्षं आपल्या हातांच्या पाठीचे ठसे संशोधकांना दिले. ज्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं होतं, त्यांची कातडी इतरांपेक्षा २४ टक्के कमी जून झाली. हा निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आला. दुधावरची साय, डाळीचं पीठ, मोत्यांचं भस्म, कशाचाही असा हिशेब कुणी मांडलेला नाही. पण लावायचं किती हे ताईंनी जसं शिकवलं तसं कुठल्या ट्यूबवर लिहिलेलं नसतं. तर्जनी आणि मधलं बोट उताणं धरायचं, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत पट्टा काढायचा, तेवढं चेहरा आणि मानेला. पहिल्यांदा ते पाहून मला वाटलं, ही महिन्याची ट्यूब आठवड्यात संपवायला निघाली. कानाच्या पाळ्या विसरायच्या नाहीत, मंगळसूत्राखालची मान तर नाहीच. वांग असलं तर रंगीत सनस्क्रीन घ्या असंही त्या सांगतात. त्यातलं लोहाचं ऑक्साइड नुसत्या उजेडालाही अडवतं, आणि वांग उजेडानेसुद्धा चिडतं. कारण मी सांगितलं. कुठल्या गिऱ्हाइकाला काय चालतं, हे त्यांनी कधीचंच पाहून ठेवलं होतं.

फेशियल त्या करतात, आणि सुरेख करतात. बांगड्या काढून खुर्चीच्या दांडीत अडकवतात, तळव्यांवर तेलाचे थेंब चोळून ऊन करतात. हनुवटीपासून कानापर्यंत, नाकपुडीच्या कडेने गालफडावर, भुवईच्या मधून केसांपर्यंत, हात नेहमी वर आणि बाहेर. डोळ्यांखाली फक्त अनामिका, कारण त्या बोटाचा जोर हलका पडतो. मधूनच जबड्याच्या सांध्यावर अंगठा थांबतो आणि तिथे काय काय अडकलं होतं ते आपलं आपल्याला कळतं. मिस्टर गेले त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या चेहऱ्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला नव्हता. ताईंनी तेव्हा काही विचारलं नाही, मालिश नेहमीपेक्षा लांबवलं. पण फेशियलचा गुण किती, असं विचारा तर त्या म्हणतात, “रविवारपर्यंत. लग्न शनिवारी असेल तर उत्तम.”

चेहऱ्याच्या व्यायामाबद्दल मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने ४० ते ६५ वयाच्या २७ बायकांना २० आठवडे ते करायला लावले, आधी रोज अर्धा तास, मग दिवसाआड. तपासणाऱ्यांना त्यांचं सरासरी वय ५०.८ वरून ४८.१ वाटलं, २०१८ मध्ये हे छापून आलं. टिकल्या मात्र १६ जणी, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. ताई हसल्या. अर्ध्या तासात चार जणींच्या आयब्रो होतात, म्हणाल्या.

घरगुती गोष्टींवर त्यांचं माझं पूर्ण एकमत नाही. माझी आई आंबेहळद, मसुराचं पीठ आणि साय यांचं उटणं करायची. त्याच्या वासासाठीसुद्धा मी ते सोडणार नाही. ताई म्हणतात, लावा, पण चोळू नका, पन्नाशीनंतर खरखर नको. लिंबाला मात्र बंदी. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजते, काळे डाग महिनोन् महिने राहतात. विको टर्मरिकच्या ट्यूबला दोघींचीही हरकत नाही. केशव विष्णु पेंढरकरांनी परळला १९५२ मध्ये उभारलेल्या कंपनीचं ते क्रीम. ते औषध की कॉस्मेटिक यावर अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं खटला चालला. आमच्या लग्नाच्या रुखवतात ती ट्यूब होती.

आणि हवा? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुण घेऊन देशात पहिलं आलं, हा पहिला नंबर इथे कुणी पेढे वाटून साजरा केला नाही. जर्मनीत सत्तर-ऐंशीच्या चारशे बायकांच्या अभ्यासात, जिथे वाहनांची काजळी जास्त तिथे कपाळ-गालांवर डाग सुमारे २० टक्के जास्त निघाले. हे २०१० चं. सालवडमध्ये कुणी असं मोजलेलं माझ्या पाहण्यात नाही. ताई संध्याकाळी कामावरून सुटलेल्या बायकांना एवढंच सांगतात की घरी गेल्यावर स्वयंपाकाआधी तोंड धुवा. त्याचे पैसे कसे लावणार?

आता ताईंच्या गुडघ्यांनी संप केलाय आणि पार्लर सूनबाई बघते. मुलगी हुशार आहे. तिला लिफ्टिंगचं मशीन घ्यायचंय, हायफू नावाचं. ध्वनिलहरींनी कातडीखालच्या थराला उष्णता देऊन तो आवळायचा, सुई नाही, रक्त नाही. बोईसरला दोघा-तिघांकडे आलंय म्हणते, गिऱ्हाईक तिकडे वळतंय. ताईंनी माहितीपत्रक माझ्याकडे पाठवलं. वाचलं आणि सूनबाईला जे वाटतं ते सांगितलं: मशीन खोटं नाही, पण गुण बेताचा, आणि नेम चुकला तर भाजतं, नस दुखावते, गालाची चरबी जाऊन खळगा पडतो. डॉक्टरच्या हाताखाली वेगळं, पडद्यामागे वेगळं. तिला ते पटलं असं नाही. “काकी, तुम्ही आणि आई मिळून माझा धंदा बसवणार,” म्हणाली. हप्त्यांचं गणित तिने वहीत मांडून ठेवलंय, आणि ते चुकीचं नाही. ताईंनी सध्या तरी सही दिलेली नाही.

सनस्क्रीन मी अजून त्यांच्याकडूनच घेते. ताई छापील किमतीवर दहा टक्के कमी लावतात. मी पूर्ण पैसे ठेवते, त्या उरलेले नातवाच्या हाती परत पाठवतात, आणि सूनबाईला हे दोन्ही आवडत नाही.